पालिकेच्या धुराची वही

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही कशेळीहून बोलतोय. ठाण्याहून भिवंडीकडे येताना खाडीवरचा पूल ओलांडला की पहिलं गाव लागतं ते आमचं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गोदामं, मधून रस्ता आणि रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर. आमच्या सासवांनी इथं भात लावला. आमच्या सुना त्याच जागेवरच्या गोदामात पार्सलं बांधतात.

आज आम्ही धुरावर बोलणार आहोत. म्हणाल, बायका धुरावर बोलणार म्हणजे चुलीचं बोलणार. चुलीचं पुष्कळ बोलून झालं. आज बोलायचंय ते पालिकेच्या धुरावर. शहराचा कारभार चालवायला पालिका जी वीज जाळते, जे डिझेल जाळते, जो कचरा साठवते, त्यातून किती वायू हवेत जातो आणि तो मोजायचा कसा, याबद्दल.

आधी एक घोळ मिटवू. ट्रकच्या मागून येतो तो काळा धूर डोळ्यांना दिसतो, घशाला लागतो, पोरांना खोकला आणतो. तो एक. दुसरा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. कार्बन डायऑक्साइड त्याचं नाव. तो खोकला आणत नाही, पण हवेत वर जाऊन पृथ्वीची ऊब अडवून धरतो, गोधडीसारखा. अशा वायूंना हरितगृह वायू म्हणतात. कचऱ्यातून निघणारा मिथेन त्यातलाच, आणि एसीतला गॅसही त्यातलाच. पाऊस लांबतो, मग एकदम कोसळतो, चैत्रात पत्र्याच्या घरात बसवत नाही, याच्या मागे ही गोधडी आहे. आज हिशेब करायचाय तो या दुसऱ्या धुराचा.

जो दिसत नाही तो मोजायचा कसा? आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “तराजून टाकणार काय धूर?” तराजू लागतच नाही. बिलं लागतात. कुठलंही इंधन जाळलं की त्यातून किती वायू निघणार हे ठरलेलं असतं. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल, सुमारे 2.3 किलो. आपल्या घरातला 14.2 किलोचा सिलिंडर संपला की हवेत गेले साधारण 42 किलो.

इथं सगळ्यांनी आम्हाला थांबवलं. चौदा किलोच्या टाकीतून बेचाळीस किलो निघतील कसे? प्रश्न बरोबर होता. मग भाताचं उदाहरण दिलं. एक वाटी तांदूळ शिजवले की पातेल्यात तीन वाट्या भात होतो. वाढलं ते काय? पाणी. तसंच गॅस जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वजन वाढतं. बाराचे चव्वेचाळीस होतात. हे पटलं सगळ्यांना.

विजेचं थोडं वेगळं. बल्ब लावला तर आपल्या घरात काहीच जळत नाही. जळतं ते दूर कुठेतरी, औष्णिक वीज केंद्रात, दगडी कोळशाच्या रूपात. देशभरात वीज कशापासून किती झाली ते पाहून केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी एक आकडा काढतं. हल्लीच्या वर्षांत तो एका युनिटला सुमारे 0.7 किलो आहे. म्हणजे महिन्याला 100 युनिट बिल आलं तर 70 किलो. बिलावर रुपये पाहायची आपली सवय, त्याच्या वरच्या रकान्यात युनिट लिहिलेले असतात ते पाहायचे.

एवढं कळल्यावर आम्ही आमच्याच गटाच्या मिरची कांडपाच्या यंत्रावर हात बसवून पाहिला. वर्षाची बारा बिलं काढायची ठरली. नऊ सापडली. एक उंदरानं खाल्लेलं, दोन कुणाकडे होती ते अजून कळलं नाही. मग काय, आधीच्या महिन्यांवरून तिन्ही महिन्यांचा अंदाज केला आणि वहीत त्यापुढे ‘अंदाज’ असं लिहिलं. पुढे कळलं की मोठमोठ्या शहरांच्या हिशेबातही असंच करतात. आकडा पक्का आहे, बरा आहे की नुसता अंदाज आहे, ते त्याच्यापुढे लिहितात. अंदाज करणं चूक नाही, तो लपवणं चूक. बेरीज साडेअठराशे युनिटांच्या आसपास आली, म्हणजे साधारण तेराशे किलो. मसाल्याच्या वासात कुणाला कळलं असतं?

मग भांडण झालं. मिरची आणणाऱ्या टेम्पोचं डिझेल एकीनं आपल्या हिशेबात धरलं. टेम्पोवाल्याची बायकोही आमच्याच गटात, तिनं तेच डिझेल घरच्या हिशेबात लिहिलं. एक डिझेल दोनदा जळालं. दुधाचा हिशेब दोन्ही जावांनी लिहिला की गवळ्याला दोनदा पैसे जातात, तसंच. या हिशेबात खरी अडचण तीच आहे. गुणाकार सातवीतली पोरगी करते. कुणाचा धूर कुणाच्या खात्यात, हे ठरवणं अवघड.

त्यासाठी जगात नियम झालेत. 2008 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तिथल्या सरकारी हवा मंडळानं आणि काही संस्थांनी मिळून नगरपालिकांच्या कारभारासाठी एक नियमावली काढली, लोकल गव्हर्नमेंट ऑपरेशन्स प्रोटोकॉल नावाची. पुढे 2014 च्या डिसेंबरात अख्ख्या शहराच्या हिशेबासाठी जगभर चालेल अशी दुसरी आली, तिला थोडक्यात जीपीसी म्हणतात. पालिकेच्या नियमावलीत तीन कप्पे आहेत. पहिल्या कप्प्यात पालिकेनं स्वतः जाळलेलं: तिच्या गाड्यांचं डिझेल, जनरेटर, दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला गॅस. दुसऱ्या कप्प्यात विकत घेतलेली वीज: रस्त्यावरचे दिवे, पाण्याचे पंप, कचेऱ्या, शाळा. तिसऱ्यात बाकीचं, म्हणजे पालिकेच्या कामासाठीच जळतं पण दुसऱ्याच्या हातानं जळतं ते. ठेकेदाराच्या गाड्या, कर्मचाऱ्यांचं येणंजाणं वगैरे.

तिसरा कप्पा नीट ऐका. पहिले दोन लिहायलाच लागतात. तिसरा पुष्कळदा ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहतो. समजा एखाद्या पालिकेच्या घंटागाड्या काल स्वतःच्या होत्या, आज ठेकेदाराच्या झाल्या. गाडी तीच, गल्ली तीच, डिझेल तेवढंच. पण पहिल्या कप्प्यातून उठून तिसऱ्यात गेलं, आणि तिसरा लिहिलाच नाही तर वही एकदम स्वच्छ. आमचं मत विचाराल तर ज्या वहीत ठेकेदाराची गाडी नाही ती वही अर्धी. हल्ली झाडू, कचरा, पाण्याचे टँकर, बस, सगळं ठेक्यावरच असतं.

आता आपल्या शेजारच्या मुंबईचं बघा. मुंबई महानगरपालिकेनं मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात 2019 या वर्षाचा हिशेब आहे. अख्ख्या मुंबईचा वर्षाचा आकडा 2 कोटी 34 लाख टन. माणशी पावणेदोन टनांच्या थोडं वर. शंभरातले 72 भाग वीज आणि इंधनाचे, 20 वाहतुकीचे, 8 कचऱ्याचे. 2050 पर्यंत हा आकडा शून्यावर आणायचं त्यांनी ठरवलंय. म्हणजे जेवढा वायू सोडतील तेवढा शोषलाही जाईल. 2019 धरलं ते बरं झालं, कारण त्याच्या पुढचं वर्ष टाळेबंदीचं. गाड्या बंद, दुकानं बंद. ते वर्ष पाया म्हणून धरलं असतं तर नंतरचं प्रत्येक वर्ष वाईटच दिसलं असतं. दुष्काळाच्या वर्षाशी तुलना केली तर कुठलंही पीक चांगलंच वाटतं, तसं उलट.

पण हा झाला अख्ख्या शहराचा हिशेब. त्यात प्रत्येक घरातला गॅस आला, प्रत्येक दुकानाचा एसी आला, लोकल आली, रिक्षा आली. महापालिकेच्या स्वतःच्या कारभाराचा धूर त्यात लहान असतो. लहान आहे तर वेगळा कशाला मोजायचा? आम्हालाही हा प्रश्न पडला होता. उत्तर असं की शहरातल्या लाखो घरांना पालिका विनंतीच करू शकते. स्वतःच्या पंपाला तिला विनंती करावी लागत नाही. एक ठराव, एक सही, आणि पंप बदलतो.

आणखी एक सांगतो, मनातलं. बचत म्हटली की सगळे बायकांकडे बघतात. दिवा विझव, गॅस बारीक कर, पाणी जपून वापर. आम्ही जन्मभर तेच करत आलो, आणखी किती करणार? हा पालिकेचा हिशेब आम्हाला आवडला तो एवढ्यासाठी की यात पहिल्यांदा कारभाऱ्याला विचारलंय, बाबा, तुझा दिवा कुणी विझवायचा?

आता आपल्या तालुक्यातली गोष्ट. मुंबईला तानसा आणि वैतरणेचं पाणी जातं ते बहुतेक उतारानं. वर धरण, खाली शहर, मोठाले पाइप, पाणी आपलं आपण वाहतं. पण भातसा धरणाचं पाणी नदीतून पिसे इथं येतं, तिथून पंपानं उचलून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग पुढे पाठवतात. पिसे आणि पांजरापूर दोन्ही आपल्या भिवंडी तालुक्यात. मुंबईच्या पाण्यात जवळपास निम्मा वाटा भातसाचा. डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरणं आणि चढ चढणं यातला फरक तुम्हाला सांगायला नको. तोच फरक पंपाला. चढाला वीज लागते, आणि कोट्यवधी लिटर रोज चढवायचं म्हणजे किती लागत असेल?

मग पिसेच्या पंपाचा धूर कुणाचा? मुंबई शहराच्या हद्दीचा हिशेब केला तर पिसे हद्दीबाहेर. पालिकेच्या कारभाराचा हिशेब केला तर पंप पालिकेचा, मग तो हद्दीत असो नाहीतर भिवंडीत, तिच्याच दुसऱ्या कप्प्यात. आमच्या गटात हे कळायला एक अख्खी दुपार गेली. पण कळल्यावर मावशीच म्हणाल्या, मुलगी नांदते त्या घरी शिजलेला भात माहेरच्या खात्यात कसा लिहिणार? जिच्या हातात पळी, तिच्या खात्यात.

कचऱ्याचंही तसंच. ठाणे महापालिकेला कचऱ्यासाठी आपल्या तालुक्यात आतकोलीला जागा मिळाली आहे. कचरा ठाण्याचा, सडणार आपल्याकडे. नियम असं सांगतो की कचरा जिथं निघाला त्या शहरानं तो मोजायचा, टाकला कुठे याच्याशी संबंध नाही. वास मात्र नियम वाचत नाही.

ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट ऊब धरतो. तोच मिथेन पेट घेतो. देवनारच्या कचऱ्याचं डोंगर आहे ना, 1927 पासूनचं, त्याला 2016 च्या जानेवारीत आग लागली तेव्हा मुंबईवर कितीतरी दिवस धूर होता. तोच ओला कचरा वेगळा काढून, हवा देऊन, उकिरड्यात वरखाली केला तर मिथेन फार थोडा निघतो. शेण आणि पाला आपण पिढ्यान् पिढ्या असाच कुजवलाय.

एसीचा तर कुणी विचारच करत नाही. जुन्या एसीत आर-22 नावाचा गॅस असायचा. त्यातला एक किलो गळला की अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडएवढं काम करतो. साडेसहाशे लिटरहून जास्त डिझेल जाळावं तेवढं! आणि मेकॅनिकच्या पावतीवर काय लिहिलेलं असतं? ‘गॅस भरला.’ किती किलो, कुठला, काही नाही. ही पावती नीट लिहून घेतली तरी हिशेबाचा एक मोठा तुकडा सापडतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं शहरांचं झालं. आपल्या गावाचं काय? कशेळीला ग्रामपंचायत आहे, महापालिका नाही. भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेची हद्द वेगळी, आमच्यासारख्या आजूबाजूच्या गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे. गाव म्हणावं तर इमारती उठल्यात, शहर म्हणावं तर पंचायतीचा नळ. पण हिशेबाची रीत एकच. पंचायतीच्या कारभारात धूर येतो तो तीन-चार ठिकाणांहून: पाण्याचा पंप, रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी, कचेरीचं आणि शाळेचं बिल. गोदामांचे कंटेनर त्यात येणार नाहीत. त्यांचा खोकला आपला, हिशेब दुसऱ्याचा. तो दुसऱ्या वहीत मागायचा, पण याच्यात घुसडायचा नाही, नाहीतर टेम्पोच्या डिझेलासारखं होईल.

दिव्यांचा एक हिशेब करून दाखवतो, तो आम्ही फळ्यावर केला होता. समजा एका गावात शंभर दिवे आहेत, जुने, चोकसकट पन्नास वॅटचे. रात्री अकरा तास जळतात. रात्रीचे झाले 55 युनिट. त्या जागी वीस वॅटचे एलईडी लावले. रात्रीचे 22 युनिट. रोज 33 वाचले, वर्षाला बारा हजार युनिट, म्हणजे आठ टनांहून जास्त वायू कमी, आणि बिलही कमी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात एकीनं विचारलं, “आनि दिवसाचे चालूच असतात त्ये?”

शांतता. मग तिचाही हिशेब मांडला. एलईडी चोवीस तास जळले तर दिवसाचे झाले 48 युनिट. जुने दिवे रात्रीच जळत होते तेव्हा 55. नवे दिवे घेतले, उद्घाटन झालं, फोटो निघाले, आणि बटण बंद करायला माणूस नाही म्हणून 33 मधले 26 युनिट उन्हात गेले. कुठल्या गावात असं नाही? भर दुपारी जळणारे दिवे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्याला दोन-तीन हजारांचं टायमर लागतं किंवा खांबाशी राहणारी एक बाई लागते. आम्ही म्हणतो बाईला मानधन द्या.

पाण्याचंही असंच. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण चार युनिट ओढतो. सहा तास चालला तर चोवीस युनिट, सतरा किलो. वाटेत पाइप फुटून एक तृतीयांश पाणी गळालं तर आठ युनिटही गटारात गेले. गळका व्हॉल्व्ह कुठं आहे हे इंजिनिअरला विचारायला नको, पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. तिला तारीखवार ठाऊक असतं.

हे मागायचा हक्क आपल्याला आहे. महापालिकांना कायद्यानं दर वर्षी पर्यावरण स्थिती अहवाल करावा लागतो. मुंबईनं 2024 पासून पैशांच्या अर्थसंकल्पाबरोबर हवामानाचा अर्थसंकल्पही मांडायला सुरुवात केली, नॉर्वेतल्या ओस्लो शहरानं ही पद्धत आधी आणली होती. कुठल्या खर्चानं धूर वाढणार, कुठल्यानं घटणार, ते त्यात लिहायचं. आपल्या राज्यात 2 ऑक्टोबर 2020 पासून माझी वसुंधरा अभियान चालू आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर गुण देतात, आणि त्यात शहरांबरोबर ग्रामपंचायतीही भाग घेतात. अग्नी म्हणजे वीज-इंधनच. गुण मिळवायला झाडं लावली जातात, भिंती रंगवल्या जातात. चांगलंच आहे. पण भिंत रंगवायच्या आधी पंपाचं बिल वाचायला कुणी सांगत नाही, ते आपण सांगायचं.

कुठं सांगायचं? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिथं. महिला सभेत बहुतेक ठिकाणी हळदीकुंकू, सह्या आणि चहा होतो. एका सभेत आम्ही बिलं मागितली तेव्हा एक साहेब हसून म्हणाले, ताई, हे टेक्निकल असतं. आम्ही म्हटलं, आमच्या घरचं बिल आम्हीच भरतो, तेव्हा टेक्निकल नसतं काय? ते पुढे काही बोलले नाहीत. बिलंही लगेच मिळाली नाहीत. तिसऱ्या खेपेला मिळाली.

तर तुमच्या गटानं करायचं असेल तर दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर महिना, बिलावरचा मीटर क्रमांक, युनिट. उजव्या पानावर डिझेलच्या पावत्या, गाडी पंचायतीची की ठेकेदाराची ते लिहून. जे मिळालं नाही तिथं रिकामं ठेवू नका, ‘मिळालं नाही’ असं लिहा आणि कधी मागितलं ती तारीख टाका. रिकाम्या जागेचा अर्थ शून्य असा लावला जातो. बारा महिने भरल्याशिवाय बेरीज करायची घाई नको. पावसाळ्यात पंप कमी चालतो, मेमध्ये जास्त, अर्ध्या वर्षाच्या आकड्यावर कुणीही तुम्हाला खोटं पाडेल.

आमच्या वहीचं तिसरं पान चालू आहे. पंपघराच्या मीटरवरची काच धुरकट झालीय, आकडा वाचता येत नाही, त्यामुळे बिलावरचा आणि मीटरवरचा आकडा जुळतो का ते अजून कळलेलं नाही. ज्यांच्याकडे किल्ली आहे त्या दादांनी बुधवारी सकाळी दहाला यायचं कबूल केलंय. आम्ही ओलं फडकं आणि बॅटरी घेऊन जाणार आहोत.